डोंबिवलीतलं पाळणाघर, पडवळाची अंगठी आणि आमचा दीड वर्षाचा अनुभव

बिल्डिंगमधल्या दोघीतिघींनी लिफ्टमध्ये तेच तेच विचारून झालं, "तुझा कसा गं भाज्या खातो?", म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवून देईन. पाळणाघराचं नाव लिहीत नाहीये कारण काकूंनीच सांगितलंय, "बाई नाव टाकू नकोस, माझ्याकडे १४ पोरं आहेत तीच मला पुरतायत." डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून चालत दहाबारा मिनिटं, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. लिफ्ट नाही हे आत्ताच सांगून ठेवते, पुढे त्यावर वेगळं रडणार आहे.

आमची परिस्थिती म्हणजे मी सकाळी साडेआठच्या लोकलला लटकते, ऑफिस परळला, नवरा ऐरोलीला, सासूबाई गावी, आई पुण्यात. म्हणजे पाळणाघराशिवाय गत्यंतर नाही. माझ्या ऑफिसात पाळणाघर आहे हो, २०१७ ला मातृत्व लाभ कायदा बदलला तेव्हापासून ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे सोय करावीच लागते, छान रंगीत भिंती वगैरे आहेत, पण डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीत दोन वर्षांचं मूल कडेवर घेऊन कोण चढणार ते कायदा करणाऱ्यांनी एकदा फलाटावर उभं राहून बघावं. असो.

काकूंच्या आधी सात महिने आम्ही दुसरीकडे होतो. चकाचक जागा, सीसीटीव्ही, अ‍ॅपवर रोज फोटो. अ‍ॅपवर रोज "लंच: फिनिश्ड" असं यायचं आणि मी ट्रेनमध्ये ते बघून खूश व्हायचे. एकदा लवकर घ्यायला गेले तर सगळी पोरं टीव्हीसमोर रांगेत, तोंडं उघडी, आणि ताई भरवत चालल्या होत्या, एक घास याला एक घास त्याला, पोरांना आपण काय खातोय याचा पत्ता नाही. आणि भाजी संपवली तर चॉकलेट. रोज. बरं ते चॉकलेट छोटं असेल पण त्यातून पोरगा एवढंच शिकला की भाजी ही सोसायची गोष्ट आहे आणि सोसली की बक्षीस मिळतं. घरी आल्यावर वरणात कोथिंबिरीचं पान दिसलं तरी हात पुढे, "चॉकी दे."

घरी मीही काही कमी उद्योग केले नाहीत. पालक उकडून मिक्सरला लावून डोशाच्या पिठात, दुधी किसून पोळीच्या कणकेत, फ्लॉवर बटाट्यात कुस्करून. दहाबारा दिवस जमलं. मग एक दिवस डोशात एक हिरवा दोरा सापडला त्याला. बोटात धरून माझ्याकडे अशा नजरेने बघितलं ना की काय सांगू. त्यानंतर दोन महिने डोसा बंद. साधा पांढरा डोसासुद्धा उलटापालटा करून तपासायचा आणि बाजूला सरकवायचा. म्हणजे भाजी तर गेलीच, होता तो डोसाही गेला.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, दोन ते सहा वर्षांची बहुतेक मुलं नव्या पदार्थाला घाबरतातच, वयाचा भाग आहे, कडू चवही मुलांना आपल्यापेक्षा जास्त जाणवते, आणि एखादी चव आवडायला आठदहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा ती समोर यावी लागते. मी मनात हिशोब केला, मी एक भाजी तीनदा केली की "याला नाही आवडत" म्हणून शिक्का मारून मोकळी होत होते.

तर काकू. वय साठीच्या पुढे, होम सायन्स शिकलेल्या, पूर्वी शाळेत नोकरी केलेली. पोरं त्यांना आज्जी म्हणतात, आम्ही पालक काकू म्हणतो, मदतीला दोन मावशी. पहिल्या भेटीत मी नेहमीचं सुरू केलं, काकू हा हे खात नाही, ते खात नाही, भेंडी ओकतो, पालेभाजी तर... त्यांनी मध्येच थांबवलं, "सकाळी दूध किती पितो?" म्हटलं एक मोठी बाटली, मग तुमच्याकडे अकराला एक, संध्याकाळी एक, झोपताना एक. "अगं मग पोटात जागा कुठेय भाजीला? आधी बाटली तोड." दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास दूध पुरे, तेही कपातून, आणि अकराला दूधबिस्किट अजिबात नाही, ही त्यांची प्रवेशाची अट. पहिला आठवडा फार वाईट गेला, रात्री बाटलीसाठी भोकाड, नवरा म्हणाला दे गं एक दिवस, मी म्हटलं तू दे आणि काकूंना तूच सांग. नाही दिली.

आता यांच्याकडे असं वेगळं काय आहे ते सांगते. अकरा वाजता जिथे बाकीकडे खाऊ किंवा टीव्ही असतो तिथे यांच्याकडे सतरंजी पसरतात आणि त्या दिवशीची भाजी मध्ये येऊन पडते. अख्खी, बाजारातून आली तशी, माती लागलेली. मेथीची जुडी असेल तर पानं एका ताटात, काड्या दुसऱ्या ताटात. गवार असेल तर मोडायची. घेवडा असेल तर मोठी पोरं, म्हणजे पाच-सहा वर्षांची, शिरा काढतात, लहान बघतात. पालक टबात बुडवून धुवायचा, त्यात अर्ध्या पोरांची आंघोळ होते, म्हणून दोन जादा कपडे द्यायला सांगतात. लाल भोपळा आला की आधी सगळ्यांनी उचलायचा प्रयत्न करायचा, मग त्यात बसून लेकीकडून परत आलेल्या म्हातारीची गोष्ट, मग मावशी कापणार आणि पोरं बिया काढणार. त्या लिबलिबीत धाग्यांत हात घालायला आमचं ध्यान आधी रडलं म्हणे, आता सगळ्यात पुढे असतं.

मटार सोलायला मात्र तीन वर्षांच्या वरचीच मुलं, आणि काकू स्वतः समोर बसून. छोट्यांच्या घशात दाणा अडकू शकतो. मध्येच फोन आला किंवा दार वाजलं तर आधी ताट उचलतात, मग उठतात. गाजर पण काड्या करून हातात देत नाहीत, किसूनच. हे मला फार आवडलं कारण आधीच्या ठिकाणी अडीच वर्षांच्या पोरांना कच्च्या गाजराचे तुकडे "हेल्दी स्नॅक" म्हणून मिळायचे आणि मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

जेवायला सव्वाबारा. भूक चांगली कडाडलेली असते तेव्हा पहिलं काय येतं तर वाटीत कोशिंबीर किंवा भाजी. भात यायला मुद्दाम सातआठ मिनिटं लागतात. मी विचारलं कुकर उशिरा लावता का, तर हसून म्हणाल्या, "भात तयार असतो गं, झाकून ठेवते. वरणभात दिसला की पोरांचा हात भाजीकडे वळत नाही." भाजी प्रत्येकाला एकच चमचा. छोटा. आणि कुणीही "संपव" म्हणायचं नाही, मावशींनासुद्धा ताकीद आहे. काय वाढायचं आणि कधी ते आज्जी ठरवणार, किती खायचं ते पोट ठरवणार. न खाता वाटी परत गेली तर तोंड वाकडं न करता उचलायची. नियम एकच: नको म्हटलं तर चालेल, शी म्हटलेलं चालणार नाही. काकू आणि मावशी त्याच सतरंजीवर बसून तीच भाजी खातात, आणि मोठी पोरं छोट्यांच्या मध्ये बसवलेली असतात. पाच वर्षांची एक ताई भेंडी खाताना "माझी कुरकुर वाजते" म्हणाली की शेजारच्या चार जणांच्या भेंड्या आपोआप वाजायला लागतात. हे काम आपण आईबाप घरी सात जन्मात करू शकत नाही.

काकूंचा हिशोब कालनिर्णयवर असतो. आपण ज्या चौकोनात दुधाचं आणि गॅसचं लिहितो ना, तिथे त्यांनी भाजी आणि आकडा लिहिलेला असतो. "दुधी ६", "पडवळ ९". म्हणजे या पोरांसमोर दुधी सहाव्यांदा आला. बाराच्या आत एकाही भाजीवर निकाल द्यायचा नाही असा त्यांचा दंडक. कुठल्या मुलाने चाटलं, कुणी चावून थुंकलं, कुणी गिळलं हे पण टिंबांनी मांडलेलं, ती टिंबं त्यांनाच कळतात. चावून थुंकलं तरी त्यांच्या लेखी प्रगती. "थुंकायला तरी आधी तोंडात घालावं लागतं ना."

मला हे सगळं ऐकायला बरं वाटायचं पण खरं सांगू, विश्वास नव्हता. तो बसला गेल्या जुलैत. धो धो पाऊस, गाड्या लटकल्या, मी ठाण्यापर्यंत जाऊन दोन तासांनी कशीबशी परत डोंबिवलीला आले आणि ओली चिंब सव्वाबाराला तिसऱ्या मजल्यावर. आत न जाता पॅसेजमधल्या पडद्यामागे उभी राहिले. त्या दिवशी पडवळ होतं. पडवळ हो, जे मी माझ्या लग्नानंतर एकदाही घरात आणलेलं नाही. आतला गर आणि बिया काढून गोल चकत्या केलेल्या, हरभऱ्याची डाळ घालून, वर ओलं खोबरं. आमच्या चिरंजीवांनी वाटीतली एक चकती उचलली, फुंकर मारली आणि तर्जनीत घातली. अंगठी. मग दुसरी मधल्या बोटात. शेजारच्याने पण घातली. दोघं एकमेकांना हात दाखवतायत. मला वाटलं आता खेळून फेकणार. काकूंचं लक्ष होतं पण त्या काही बोलल्या नाहीत, आपल्या जेवत राहिल्या. आणि याने बोट तोंडात घालून ती अंगठी दाताने ओढून काढली आणि खाल्ली. चावायला वेळ घेतला, भुवया वर गेल्या, खोबऱ्याचा एक कण नाकाला. मग दुसरी. मग वाटी पुढे करून म्हणाला, "आज्जी, अजून दागिना."

मी पडद्यामागे रडले हे कुणाला सांगू नका. पावसाचं पाणी होतं असं समजा.

नंतर कालनिर्णय बघितलं. पडवळ ११.

घरी याचा परिणाम काय तर पोरगं भाजीवाल्याकडे फार डोकेदुखी झालंय. "जून" आणि "कोवळी" हे दोन शब्द शिकून आलाय. भेंडीच्या ढिगासमोर उभा राहतो आणि एकेकीचा शेंडा मोडून "ही जून आहे" म्हणून बाजूला टाकतो. आमच्या नेहमीच्या भाजीवाल्याने परवा शेवटी हात जोडले, "वहिनी, पोराला आवरा, माझी अख्खी पाटी मोडेल तो." मोडलेल्या सगळ्या घ्याव्या लागल्या, पाऊण किलो.

आणि त्या पाऊण किलोने माझे डोळे उघडले. कारण आम्ही एरवी भेंडी आणतो पाव किलो. तीन माणसांत. दोन वेळा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ ला आहाराची नवी मार्गदर्शिका काढली त्यात मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम सांगितल्यात, एका माणसाला. आमच्याकडे भाजी म्हणजे पोळीला लावायला काहीतरी. नवरा बटाटा, मटकी आणि अंडं सोडून चौथ्या गोष्टीला भाजी मानत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? काकूंनी हे मला पहिल्या पालकसभेत तोंडावर सांगितलं होतं, "शनिवार-रविवार तुमच्या घरी काय शिजतं ते सोमवारी मला पोराच्या ताटात दिसतं." तेव्हा राग आला होता. आता रात्री जेवताना नवऱ्याने कारल्याला नाक मुरडलं की चिरंजीव सुनावतात, "बाबा, शी नाही म्हणायचं. नको म्हणायचं." नवरा गप्प बसून एक फोड खातो.

लपवाछपवी काकूही करतात का? तर थालीपिठात किसलेला भोपळा असतो, मेथीचे धपाटे असतात, दुधीचे मुठिये, कोथिंबीर वडी, भोपळ्याचे घारगे तर पोरं मारामारी करून खातात. पण भोपळा पोरांसमोरच किसलेला असतो, त्यांना माहीत असतं आत काय आहे ते. माझ्या हिरव्या डोशात आणि त्यांच्या थालीपिठात एवढाच फरक. आणि सगळ्यावर तूप, का तर गाजर-भोपळ्यातून मिळणारं अ जीवनसत्त्व अंगी लागायला थोडं स्निग्ध लागतं, पालकाच्या डाळीवर लिंबू, का तर त्यातलं लोह नीट शोषलं जातं. होम सायन्स मधूनमधून असं बाहेर येतं.

आता तक्रारी, कारण सगळं गोडगोड लिहिलं तर तुम्ही म्हणाल नातेवाईक आहे.

गोडगोडवरून आठवलं, काकूंचा गुळाचा हात फार सढळ आहे. भोपळ्यात गूळ, घेवड्यात गूळ, अहो कोशिंबिरीत साखर. दोनदा बोलले, म्हणाल्या कमी करते, कमी म्हणजे एक चिमूट कमी झाला असेल. माझं मत असं की पोरांना भाजीची चव लावायचीय तर तिला गोड करून कसं चालेल, पण त्या म्हणतात आधी आत जाऊ दे, गूळ नंतर काढता येतो. दीड वर्ष झालं, अजून काढतायत.

दुसरं बिटाचं प्रकरण. एका शनिवारी (शनिवारी अर्धा दिवस असतो) बिटाची कोशिंबीर झाली, पोरगं पहिल्यांदाच आवडीने दोन वाट्या खाऊन आलं आणि मला कुणी सांगितलं नाही. रविवारी सकाळी पॉटीत लाल. माझ्या हातापायातलं अवसान गेलं. नवरा रिक्षा आणायला धावला, डॉक्टरांच्या घरी फोन, त्यांनी शांतपणे पहिला प्रश्न विचारला, "काल बीट खाल्लं होतं का?" बिटाच्या रंगाने होतं असं, शू पण गुलाबी होते कधी कधी. सोमवारी काकूंशी भांडले, त्या दिवसापासून दारावर पाटी असते, आज काय खाल्लं त्याची. म्हणजे माझ्या भांडणाचा फायदा बाकीच्या १३ घरांना झाला, कुणी थँक्यू म्हटलं नाही.

अ‍ॅप नाही, कॅमेरा नाही, फोटो येत नाहीत. ज्यांना दिवसातून तीनदा पोराचा चेहरा बघायचाय त्यांना जमणार नाही. जिने. पावसाळ्यात एका हातात छत्री, एका हातात झोपलेलं पोर, खांद्याला ऑफिसची बॅग आणि तीन मजले, माझा गुडघा आता बोलायला लागलाय. जागा लहान, लाईट गेली की उकडतं, इन्व्हर्टरवर फक्त पंखे. मुलीच्या बाळंतपणाला गेल्या तेव्हा चार दिवसांची नोटीस देऊन दहा दिवस बंद ठेवलं, माझी सुट्टी संपली, शेवटी आईला पुण्याहून बोलावलं आणि आईने लाडाने दहा दिवस दूधभात आणि तूपसाखरपोळी घातली. परत गेल्यावर फरसबी "२" पासून सुरू.

वाढदिवसाचा केक चालत नाही, त्याऐवजी पालकांनी एक भाजी पाठवायची, ज्याचा वाढदिवस त्याने ती सगळ्यांना वाटायची. आधी मला हे अति वाटलं होतं, आणि थोडंसं अजूनही वाटतं. केक खाऊन कुणी मेलेलं नाही. पण आमच्या वाढदिवसाला मी हौसेने मटार पाठवले, पाच किलो, आदल्या दिवशी क्रॉफर्ड मार्केटमधून उचलून थेट परतीच्या लोकलमध्ये. लेडीज डब्यात पिशवी मांडीवर घेतली तर समोरची म्हणाली सोलायला देऊ का हात? आमच्या डब्यात मेथी निवडणं, मटार सोलणं रोजचंच आहे. घाटकोपर येईपर्यंत चौघी शेंगा फोडत होत्या तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, अगं बाई, न सोललेलेच पाठवायचेत! सगळ्यांच्या हातातून शेंगा परत घेतल्या. अर्धा किलो सोलून झाले होते, त्याची रात्री उसळ केली.

पैशांचं सांगायचं तर सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात, जेवण आणि दोन खाऊ धरून महिना ६,५०० घेतात, साडेसातनंतर अर्ध्या तासाला ५० रुपये. गणपतीत पाच दिवस बंद असतं, त्याचे पैसे कापत नाहीत. आधीच्या ठिकाणी आम्ही ९,००० देत होतो आणि डबा आपला.

पाचपैकी चार देईन. एक गुळाचा आणि जिन्याचा मिळून कापला.

जूनमध्ये दोन मुलं पहिलीत जातायत म्हणजे दोन जागा होतील, ज्यांना हवंय त्यांनी मला मेसेज करा, नंबर देते. दुपारी बारा ते तीन फोन करू नका, उचलणार नाहीत. आणि भेटायला जाल तेव्हा सकाळी अकराला जा आणि जुने कपडे घालून जा, सतरंजीवर बसवून तुमच्या हातातही जुडी देतील.